परवाना कन्नडचा, फळा इंग्रजीचा

कर्नाटक सरकारने 29 एप्रिल 1994 रोजी एक आदेश काढला. पहिली ते चौथीच्या मुलांना मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवायचं, असा त्याचा मथितार्थ. आदेश लिहिणारे मात्र कोत्या मनाचे नव्हते. ज्या मुलाची मातृभाषाच इंग्रजी असेल त्याला, आधीपासून मान्यता असलेल्या इंग्रजी शाळेत, इंग्रजीतून शिकायची मुभा त्यांनी ठेवली होती. म्हणजे बंगळुरूतल्या एखाद्या कुलकर्ण्यांच्या किंवा गौडांच्या मुलाला पहिलीपासून इंग्रजी माध्यम हवं असेल, तर अडचण एवढीच होती की आई बदलावी लागली असती. हेही वाटतं तितकं अवघड नसावं. 2011 च्या जनगणनेत आपली मातृभाषा इंग्रजी आहे असं सांगणारे देशभरात सुमारे 2 लाख 60 हजार लोक निघाले, आणि त्यांतले सर्वांत जास्त, लाखाहून अधिक, महाराष्ट्रात निघाले. आपण कुठल्या यादीत पहिले येऊ याचा खरोखर नेम नाही. पण बंगळुरूच्या शाळांना एवढा लांबचा रस्ता धरावा लागला नाही. पुष्कळ शाळांनी परवाना कन्नड माध्यमाचा घेतला आणि शिकवायला सुरुवात इंग्रजीतून केली. सरकारला कागद मिळाला, पालकांना हवी ती शाळा मिळाली आणि हा संसार बारा वर्षं सुखाने चालला. 2006 मध्ये, बसवराज होरट्टी शिक्षणमंत्री असताना, सरकारने परवाना आणि फळा एकमेकांशी ताडून पाहिला आणि अशा दोन हजारांहून अधिक शाळांवर मान्यता काढून घेण्याचा बडगा उगारला. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक होती यात शंका नाही. फक्त फसलेला माणूस सापडेना, कारण जे चाललं होतं ते सरकारसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे हे प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरलं. 2008 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने विनाअनुदानित शाळांपुरता तो आग्रह रद्द केला आणि 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुलाची मातृभाषा कोणती हे आईवडील ठरवतील, सरकार नाही, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. आणि माध्यम निवडण्याचा हक्क भाषण-अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात बसतो, असंही न्यायालय म्हणालं. निकाल कायद्याने चोख आहे, त्यावर बोलायची आपली पात्रता नाही. पण त्यातली गंमत डोळ्याआड करता येत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या वडिलांना भाषणस्वातंत्र्य मिळालं. ते वापरून वडिलांनी अशी शाळा निवडली, जिच्या जिन्यात ‘इथे फक्त इंग्रजीत बोला’ अशी पाटी आहे. त्या मुलाचं भाषणस्वातंत्र्य मग शाळा सुटल्यावर, व्हॅनमध्ये बसल्यापासून सुरू होतं. व्हॅनचा चालक कन्नड बोलतो, मागच्या बाकावरची दोन मुलं तेलुगू बोलतात, आणि भांडण सोडवायला सगळे मिळून हिंदीचा आधार घेतात, हा भाग न्यायालयापुढे आला नसावा.

माध्यमाचे बंगळुरूत चार पत्ते आहेत. पहिला परवान्यावर, दुसरा पाठ्यपुस्तकात, तिसरा शिक्षकाच्या तोंडात आणि चौथा मुलाच्या डोक्यात. चारही पत्त्यांवर एकच भाषा राहते आहे अशी शाळा या शहरात क्वचितच सापडेल. स्वस्तातल्या खासगी शाळेतला पाचवीचा विज्ञानाचा तास घ्या. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरची व्याख्या इंग्रजी, आणि बाई म्हणतात, ‘नोडि मक्कळे, ईवाप्रेशन अंद्रे, नीरु बिसि आगि मेले होगुत्ते.’ बघा मुलांनो, ईवाप्रेशन म्हणजे पाणी तापून वर जातं. या एका वाक्यात संज्ञा इंग्रजी, क्रियापद कन्नड आणि विज्ञान थोडंसं कच्चं आहे. पण मुलांना त्या दिवशी जे काही कळलं ते याच वाक्यातून कळलं. पुस्तकातल्या परिच्छेदाचं त्यांनी मोठ्याने वाचन केलं होतं, एवढंच. पाटी जिन्यात असो वा वर्गात, मुलांना ओरडायची वेळ आली की बाई अस्सल कन्नडमध्ये शिरतात, कारण त्या वेळी अर्थ पोचला पाहिजे याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. माझं म्हणणं असं, की दोन भाषांतून शिकवणं हा या शहरातला सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी शैक्षणिक उपक्रम आहे. तो चोरून करावा लागतो, हेच त्याचं दुखणं. चोरून करायचा म्हणून बाईंना त्याचं प्रशिक्षण कोणी देत नाही, त्याला पुस्तक नाही, वेळापत्रकात जागा नाही आणि परीक्षेत गुण नाहीत. सरकारला एकच भाषा हवी, पालकांना एकच भाषा हवी, फक्त दोघांची ‘एक’ वेगळी. या ओढाताणीत ज्या वाक्याने मूल शिकतं, ते वाक्य बेकायदा ठरतं.

शहराचा इतिहास पाहिला तर हा एकभाषेचा सोस इथे मुळीच शोभत नाही. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये बारा भाषा जाणत होता म्हणतात. ‘राधामाधवविलासचंपू’ या त्याच्या ग्रंथात संस्कृत तर आहेच, पण शेवटाकडे त्याने इतर भाषांचीही पंगत मांडली आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1922 मध्ये हा ग्रंथ छापला म्हणून तो आपल्याला ठाऊक. या जयरामाला आजच्या प्रवेशअर्जावर ‘मातृभाषा’ आणि ‘शिक्षणाचे माध्यम’ हे दोन रकाने भरायला दिले असते, तर अर्जाला पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या. आजचं शहरही काही कमी नाही. 2011 च्या जनगणनेत कन्नड ही मातृभाषा सांगणारे इथे निम्म्याहून कमी होते. आपले मराठी तर दोन जातींचे आहेत: चिकपेट, नगरथपेटच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, ज्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं आहे की कोल्हापूरकरही दोन मिनिटं बावचळतो, आणि संगणकाच्या नोकरीसाठी आलेले, ज्यांच्या मराठीत तेवढंच इंग्रजी मुरलं आहे, पण त्याने कोणी बावचळत नाही. या दुसऱ्या घरातलं मूल शहाजीराजांचा धडा शहाजीराजांच्याच शहरात बसून इंग्रजीत वाचतं. 2015 च्या कायद्यामुळे शाळेत कन्नडही शिकतं, आणि ते कन्नड त्याला बहुधा इंग्रजीतून समजावलं जातं. रस्त्यावर फुकट मिळणारी भाषा शाळेत फी भरून, तिसऱ्या भाषेतून शिकायची, ही सोय फार शहरांत नसेल.

एवढ्यावरून मी मातृभाषेचा झेंडा घेऊन निघालो आहे, असा कोणाचा समज झाला असेल तर थोडं थांबायला हवं. मातृभाषा प्रत्येक ठिकाणी सोपी असतेच असं नाही, आणि याचा पुरावा आपल्याच घरात आहे. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीला ‘पन्नास तीन’ आलं आणि महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो आठवत असेल. त्रेपन्न ऐकलं की मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, म्हणून ते 35 लिहून बसतं. इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत आधी दशक येतं, तिथे हा घोळ होत नाही, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. ऐकायला कोणी तयार नव्हतं, कारण विनोद करायची संधी फार चांगली होती. विधानसभेतसुद्धा ती कोणी सोडली नाही. बंगळुरूतल्या मराठी मुलाला मात्र हा प्रयोग आयता मिळतो. वाण्याकडे ऐवत्त मूरु, वर्गात फिफ्टी थ्री, आणि फोनवर आजी विचारते त्रेपन्न. तिघांपैकी दोघं एका बाजूला आहेत, आणि आजी अल्पमतात आहे. म्हणून मुलाला ज्या ठिकाणी ज्या भाषेचा हात लवकर सापडतो तो धरू द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. संख्या त्याने कन्नडमध्ये मोजाव्यात, आजीशी मराठीत भांडावं आणि बाष्पीभवन कशातही समजून घ्यावं, पण समजून घ्यावं.

या समजण्याचा पत्ता लागू न देण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे पक्की आहे, आणि तिचं नाव परीक्षा. गणिताला भाषा लागत नाही, हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. ते ज्याने प्रथम उच्चारलं त्याने शाब्दिक उदाहरण कधी सोडवलेलं नसावं. दुसऱ्या भाषेत उदाहरणं सोडवणारं मूल उदाहरण वाचतच नाही. ते खुणा शोधतं. ‘ऑल्टुगेदर’ दिसलं की बेरीज, ‘रिमेनिंग’ दिसलं की वजाबाकी, ‘ईच’ दिसलं की गुणाकार किंवा भागाकार, आणि दोहोंपैकी कोणता हे मागच्या उदाहरणावरून ठरवायचं. दुकानदाराने किती आंबे विकले याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. दहांपैकी सात उदाहरणं या खुणांवर सुटतात, आणि सात उदाहरणं सुटली की मूल हुशार ठरतं. विज्ञानात तर खुणाही लागत नाहीत. व्याख्या गाइडात असते, गाइडातून वहीत येते, वहीतून उत्तरपत्रिकेत जाते, आणि या प्रवासात ती मुलाला कुठेही त्रास देत नाही. पेपर तपासणारे शिक्षक व्याख्या शब्दश: जुळली की गुण देतात. ज्या मुलाने बाष्पीभवन मोडक्या इंग्रजीत स्वत:च्या शब्दांत लिहिलं, त्याला कमी गुण मिळतात, कारण त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक आहे आणि समजल्याचा संशय येतो.

आता पहिला आक्षेप येतो तो जगभर हिंडून आलेल्या माणसाचा. कॅनडात 1965 मध्ये मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून शिकवलं, आणि ती मुलं फ्रेंचही शिकली, गणितातही मागे पडली नाहीत. मग आपल्या मुलांचं काय बिघडतं? आक्षेप वजनदार आहे आणि माहिती खरी आहे. फक्त त्या प्रयोगाचा अर्धा भाग विमानात राहिला. सेंट लँबर्टच्या बाईंना मुलांची इंग्रजी कळत होती. मूल इंग्रजीत बोललं तरी त्या समजून घेऊन फ्रेंचमध्ये उत्तर देत, त्याला दंड करत नसत. पुढे त्याच शाळेत इंग्रजीचे तास सुरू झाले. घरी पुस्तकं होती, आईवडील शिकलेले होते, आणि इंग्रजी ही त्या खंडावरची मातबर भाषा असल्याने ती पुसली जाण्याची भीती नव्हती. शिवाय हा प्रयोग मुळात आईवडिलांनीच मागितला होता आणि विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मुलांच्या मागे चाचण्या घेऊन वर्षानुवर्षं फिरत होते. आपण यातली फक्त पाटी आणली. त्याच कॅनडात जिम कमिन्स यांनी टोरांटोला बाहेरदेशांतून आलेल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की खेळण्या-बोलण्यापुरती दुसरी भाषा दोनेक वर्षांत येते, पण त्या भाषेत इतिहास-विज्ञान पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे पहिलीतलं मूल ‘मे आय गो टु द टॉयलेट’ बिनचूक म्हणालं की आजोबा खूश होतात आणि त्याला इंग्रजी येतं असं जाहीर होतं. पुढची पाच वर्षं ते त्याच वाक्याच्या पुण्याईवर काढतं.

मलेशियाने तर अख्ख्या देशावर हा प्रयोग करून पाहिला. 2003 पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतलं, शिक्षकांना संगणक वाटले, आणि 2009 मध्ये ते मागे घ्यायचं ठरवलं. 2012 पासून गाडी पुन्हा मलायकडे वळली. शिक्षक इंग्रजी पुस्तक हातात धरून पुष्कळसं मलायमध्येच समजावत होते, हे तोवर लक्षात आलं होतं. म्हणजे तिथेही शेवटी नोडि मक्कळेच. फरक एवढा, की मलेशिया सरकारने ते कबूल केलं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याची थट्टा करता येत नाही. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांची मुलं-नातवंडं कुठे शिकतात? 1994 चा आदेश ज्या शाळांना लागू होता त्यांत राज्याच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या, बहुतेक मध्यम किंवा कमी फीच्या शाळा होत्या. दिल्लीच्या मंडळांशी जोडलेल्या महागड्या शाळांतली मुलं निवांत इंग्रजीत शिकत राहिली. कन्नड वाचवायची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली ते प्लंबर, रिक्षावाले आणि घरकाम करणाऱ्या बायका. 2019 च्या जानेवारीत धारवाडच्या कन्नड साहित्य संमेलनात अध्यक्ष चंद्रशेखर कंबार यांनी सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे एक हजार वर्ग काढायच्या बेताला विरोध केला, मुख्यमंत्री कुमारस्वामी यांच्या समोर. कुमारस्वामींचा युक्तिवाद गरिबांच्या मुलांनी इंग्रजीविना का राहावं, हा होता, आणि त्याला संमेलनाच्या मांडवात सहज उत्तर मिळणारं नाही. त्या वर्षी वर्ग निघाले आणि प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडाली. आपल्याकडेही सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे तो उगाच नाही, ज्यांना संस्कृतच्या उंबऱ्यावर थांबवलं होतं त्यांना ती भाषा दार उघडणारी वाटली. तेव्हा इंग्रजी हवीच, आणि गरिबाला ती जास्त हवी, हे मान्य. माझा मुद्दा असा, की गरिबाला तेवढ्यात गंडवू नये. इंग्रजी माध्यमाच्या नावाखाली त्याच्या मुलाला ना इंग्रजी मिळते ना विज्ञान. मिळतो तो टाय. ज्या घरात इंग्रजी आहे तिथल्या मुलाचं शाळेत न कळलेलं घरी निस्तरलं जातं. ज्या घरात ती नाही, तिथे बाईंच्या त्या कन्नड वाक्याला पर्याय नाही, आणि पाटी लावून आपण नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेतो. दुभाषी वर्गाची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे.

आपल्या भाषांत विज्ञान मावत नाही, हा तिसरा आक्षेप. याला बंगळुरूतच 1918 मध्ये उत्तर देऊन झालं आहे. सेंट्रल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे बेळ्ळावे वेंकटनारणप्पा आणि त्यांचे सहकारी नंगपुरम वेंकटेश अय्यंगार यांनी ‘विज्ञान’ नावाचं कन्नड मासिक काढलं. दोघंही इंग्रजीत शिकलेले, इंग्रजीत शिकवणारे, आणि लिहायला बसले कन्नडमध्ये. याला मी खरा द्विभाषिक माणूस म्हणतो. मासिक फार वर्षं टिकलं नाही, पण मासिकं कुठल्याही विषयाची टिकत नाहीत. मुंबईत तर हा वाद 1840 च्या दशकातच रंगला होता: बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये एकीकडे इंग्रजीचा कैवार घेणारे अध्यक्ष अर्स्किन पेरी आणि दुसरीकडे देशी भाषांची बाजू लढवणारे जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस. म्हणजे मराठीसाठी भांडणारा एक साहेब आणि त्याच्या विरुद्ध दुसरा साहेब, अशी सोय तेव्हा होती. आता दोन्ही बाजूंना आपणच. सर्वांत सुंदर उदाहरण मात्र बसवनगुडीचं आहे. रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांना वडिलांनी तिथल्या आचार्य पाठशाळेत कन्नड माध्यमात घातलं, आणि घरी बोलणं मात्र इंग्रजीत ठेवलं. आज आपण करतो त्याच्या बरोबर उलट. आपण शाळेत इंग्रजी ठेवतो आणि घरी मराठी ठेवू असं स्वत:ला सांगतो. रावसाहेबांना भारतरत्न मिळालं. एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये हे खरंच, पण बंगळुरूतले पालक एका उदाहरणावरून शाळा निवडतात, तेव्हा त्यांच्याच मापाने हे मोजायला हरकत नाही.

उरला तो शुद्धतेचा आक्षेप, आणि तो दोन्हीकडून येतो. इंग्रजीवाले म्हणतात मिसळल्याने इंग्रजी बिघडेल, कन्नडवाले म्हणतात कन्नड बिघडेल. आपले मराठी शुद्धतावादी दोघांच्या पाठीशी उभे असतात. वास्तविक मिसळण्याचीही एक शिस्त असते. वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने 1994 मध्ये ती मांडली: धडा एका भाषेत वाचायचा, त्यावर बोलायचं आणि लिहायचं दुसऱ्या भाषेत. इंग्रजी उतारा वाचून तो वेल्शमध्ये सांगायचा म्हटल्यावर मुलाला तो समजून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण दुसऱ्या भाषेत घोकंपट्टी उतरवता येत नाही. गाइडवाल्यांच्या पोटावर पाय आणणारी याहून जालीम पद्धत माझ्या माहितीत नाही. महाराष्ट्राने ‘सेमी इंग्रजी’ काढून याच दिशेने पाऊल टाकलं, पण विषयांची वाटणी करून: गणित-विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत. त्यामुळे न्यूटन इंग्रजीत बोलतो, शिवाजी महाराज मराठीत, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. बालभारतीने पहिलीसाठी एकाच पुस्तकात दोन्ही भाषा आणल्या तेव्हा मला बरं वाटलं, तर त्यावरही दोन्ही बाजूंनी तोंडसुख घेतलं गेलं. आंध्रने 2020 च्या सुमारास डाव्या पानावर एक भाषा आणि समोर दुसरी अशी पुस्तकं छापली. ती पुस्तकं चांगलीच म्हणायची. शिक्षकाने दोन्ही पानं वापरावीत असं शिक्षकाला कोणी सांगितलं, तर.

पण बंगळुरूच्या वर्गात तर पाच भाषा आहेत, मग बाईंनी किती पानं उलटायची? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बाईंनी देऊ नये, हेच त्याचं उत्तर आहे. ज्या बाकावर दोन तमिळ मुली बसल्या आहेत तिथे एकीला कळलेलं ती दुसरीच्या कानात तमिळमध्ये सांगते. याला सध्या ‘वर्गात बडबड’ म्हणतात आणि शिक्षा करतात. ती बडबड चालू द्यावी, चुकीचं सांगितलं असेल तर फळ्यावरच्या उदाहरणात ते उघडं पडेलच. बाईंनी कन्नड आणि इंग्रजी सांभाळावी. बाकीच्या भाषांचा शिक्षकवर्ग बाकांवर बसलेलाच आहे, आणि तो पगार मागत नाही. बंगळुरूतल्या मराठी मुलाला वर्गात दुसरं मराठी मूल भेटलं नाही, तर त्याचं ओझं मात्र घरावर येतं. तिथे आई-बाबांनी शाळेचा धडा मराठीत ऐकायचा आग्रह धरावा. ‘आज शाळेत काय झालं’ असं विचारलं की ‘नथिंग’ हे उत्तर येतं. त्याऐवजी पाणी उकळताना वाफ कुठून येते हे विचारावं. उत्तर मराठी-इंग्रजी खिचडीत आलं तर ती खिचडी ताटात वाढून घ्यावी आणि शब्द दुरुस्त करायला बसू नये.

हे सगळं शेवटी प्रश्नपत्रिकेपाशी अडतं, आणि तिथे राज्याची अवस्था मुलांहून निराळी नाही. 27 ऑगस्ट 2024 रोजी कर्नाटक लोकसेवा आयोगाने राजपत्रित अधिकाऱ्यांची पूर्वपरीक्षा घेतली. प्रश्न इंग्रजीतून कन्नडमध्ये आणताना इतके विपरीत उतरले, की कन्नडमध्ये परीक्षा देणाऱ्यांना काय विचारलं आहे तेच कळेना. 1983 साली सरकारी कामात कन्नड वापरलं जातं की नाही यावर पहारा ठेवणारी समिती नेमली होती. तिचे पहिले अध्यक्ष सिद्धरामय्या. या परीक्षेच्या वेळी ते मुख्यमंत्री होते. त्यांनी फेरपरीक्षेचा हुकूम दिला. ती 29 डिसेंबरला झाली, आणि तिच्यातही भाषांतराच्या चुका निघाल्या. देशाच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचीही रीत हीच: नीटची प्रश्नपत्रिका मराठी-कन्नडसह तेरा भाषांत मिळते, आणि शंका आल्यास इंग्रजी प्रत खरी मानायची. त्याच 2024 च्या अर्थसंकल्पात कर्नाटकाने दोन हजार सरकारी प्राथमिक शाळा कन्नड-इंग्रजी अशा उघडपणे द्विभाषिक करायचं जाहीर केलं. तीस वर्षांनी का होईना, बाईंच्या त्या वाक्याला परवाना मिळाला. आता त्या शाळांतल्या चाचणीचे निम्मे प्रश्न आधी कन्नडमध्ये रचावेत आणि मग त्यांचं इंग्रजी भाषांतर करावं, असं मी सुचवेन. भाषांतर बिघडलं आणि इंग्रजीत उत्तर लिहिणारी मुलं प्रश्न कळला नाही म्हणून रडत बाहेर आली, तर नवी प्रश्नपत्रिका त्याच आठवड्यात निघेल.